लंडनमधला पहिला दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवासवर्णन ऐकवणाऱ्या माणसाकडे श्रोते थोड्या संशयाने पाहतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. परदेशाहून परतलेला गृहस्थ महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना छायाचित्रे दाखवीत हिंडतो. त्याच्या बोलण्यात तिथले रस्ते स्वच्छ असतात, आपले घाण असतात, आणि चहा थंड होऊन जातो. तसे काही मी आज करणार नाही. तेवीस दिवसांचे किंवा सात देशांचे वर्णन मजजवळ नाही. मी सांगणार आहे ते केवळ एका दिवसाविषयी, शनिवार, दिनांक २३ सप्टेंबर २०२३ या दिवसाविषयी. विमानातून उतरल्यानंतरचा तो आमचा पहिला संपूर्ण दिवस.

आम्ही चौघे होतो. मी, सौ., आमची कन्या आणि माझी आई. कन्येला लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यकविद्यालयात सार्वजनिक आरोग्याच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला होता व तिला पोहोचवण्यास आम्ही निघालो होतो. आईचे वय त्या वेळी एकोणऐंशी. नातीने इतक्या दूर जावे हे तिला मुळीच मान्य नव्हते. ‘आपल्याकडे काय आजार कमी आहेत म्हणून ते शिकायला तिकडे जायचं?’ हा तिचा प्रश्न, आणि त्याला आमच्यापैकी कोणापाशीही झटकन देता येईल असे उत्तर नव्हते. वाद घालणे हा तिचा स्वभाव नव्हे. तिने आपली एक मुदतठेव मोडली, आयुष्यात प्रथमच पासपोर्ट काढला, आणि ‘पोरगी कुठं राहणार ते मी डोळ्यांनी बघणार, मग बोलेन,’ एवढेच सांगितले. म्हणजे आमच्यासोबत एक परीक्षकच निघाला होता म्हणा ना.

दीड दिवसाचा गणपती ग्वारीघाटावर विसर्जित करून आम्ही जबलपूर सोडले. रात्रीची गाडी दिल्लीला आणि तेथून दुपारचे विमान. सामानाविषयी एकच सांगतो, कारण ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये प्रवाशाने आपल्याकडून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. साजूक तुपातले बेसनाचे लाडू त्यामुळे घरीच राहिले. आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू परवाना त्यांनाच नाकारला आहे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मात्र निर्वेधपणे समुद्रापार गेले.

विमानात नऊ-दहा तास बसल्यावर हीथ्रोवर उतरलो तेव्हा तिथली संध्याकाळ होती. आमच्या अंगात मात्र मध्यरात्र सुरू झाली होती. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. ब्लूम्सबरी भागात एका साध्या निवासगृहात दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे पोहोचून जो तो आडवा झाला आणि पहाटे साडेतीन वाजता चौघेही टक्क जागे!

या जागेपणाची कारणे आता शास्त्रज्ञांनी चांगली उलगडली आहेत. शरीरातल्या पेशींमध्ये दिवसरात्रीचे एक घड्याळ चालू असते. त्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकनांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रकाशाने जुळते, पण एका दिवसात साधारणतः एकाच तासाने सरकते. माणसाच्या अंगातला दिवस चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेकडे जाणे सोपे आणि पूर्वेकडे येणे अवघड. परतल्यावर कचेरीत दुपारी डुलकी घेणाऱ्यांनी हे कारण ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

कन्या हे सारे सांगत होती. आई पलंगावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे माझ्या पोटात आठ वाजलेत. मग चहा ठेव.’

घड्याळाचा प्रश्न आमच्यापुरता केवळ गमतीचा नव्हता. आई मधुमेहासाठी इन्सुलिन घेते. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी दोन रकान्यांचा एक कागद लिहून दिला होता. एकीकडे भारतीय वेळ, दुसरीकडे लंडनची, आणि समोर मात्रा व खाणे. तो कागद कन्येने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. पाच वाजता मात्रा आणि धपाटे झाले. सहाला आम्ही बाहेर पडलो, कारण खोलीत बसून भिंती किती पाहणार?

बंधुभगिनींनो, परके शहर प्रथम पाहावे ते असे, उजाडण्यापूर्वी. दुकाने बंद, पाट्या विझलेल्या, कोणी आपल्याला काही विकत नाही. कचऱ्याच्या पेट्या रिकाम्या करणारी गाडी, फरसबंदी झाडणारे दोघे आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक परिचारिका, एवढेच लोक आम्हाला भेटले. परिचारिका आपल्या केरळची निघाली, हे सांगितले तर तुम्हाला आश्चर्य वाटू नये. तिने आईला हात जोडून नमस्कार केला आणि बसच्या मागे धावली.

ब्रिटिश म्युझियमचे दार बंदच होते. त्या कुंपणापाशी मी अंमळ थांबलो. आत जो घुमटाखालचा वाचनकक्ष आहे, तिथल्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसत. १९१६ साली ते प्रथम लंडनला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा आले. शैक्षणिक कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या बापाला अशा ठिकाणी थोडा धीर येतो. सौ. ने मला कोपरखळी मारून पुढे चालवले.

तिथून पाचएक मिनिटांवर केपेल मार्गावर कन्येचे विद्यालय. शनिवार असल्यामुळे तेही बंद. पांढुरक्या दगडाची १९२९ सालची भव्य इमारत. कन्येने वर बोट दाखवले. खिडक्यांबाहेरच्या लहानलहान लोखंडी सज्जांवर सोनेरी मुलाम्याच्या आकृती बसवलेल्या आहेत. आईने चष्मा सारखा केला व पाहू लागली. डास, माशी, पिसू, ऊ, ढेकूण, साप, उंदीर! देवळावर देवता बसवाव्यात तसे या लोकांनी आपल्या विद्यामंदिरावर रोगवाहक जीव सोन्याने मढवून बसवले आहेत.

‘अगं, हा तर आपल्या गणपतीचा उंदीर!’ आई म्हणाली, आणि त्या निर्मनुष्य रस्त्यात तिने खरोखरच हात जोडले. परवाच विसर्जन केले होते ना!

मग कन्येने आजीला त्या उंदराची आणि पिसवेची गोष्ट सांगितली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली. हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण रोग उंदरापासून माणसाकडे पिसू आणते हे कोणाला ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये आपल्याच उपखंडात काम करून दाखवून दिले. डासाचेही तेच. रोनाल्ड रॉसला हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडला तो १८९७ मध्ये सिकंदराबादेत. त्याचे नाव इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेल्या नावांमध्ये आहे. ती सगळी नावे नव्वद वर्षे पुरुषांचीच होती. २०१९ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी क्यूरी व ॲलिस बॉल अशी तीन स्त्रियांची नावे त्यांत कोरली गेली.

आईचे माहेर गिरगावातले. प्लेगात चाळ रिकामी करून गावाबाहेर झोपड्यांत राहावे लागल्याच्या गोष्टी तिने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. ती बराच वेळ त्या सोनेरी पिसवेकडे पाहत राहिली. ‘आजार आपल्याकडचा आणि शाळा यांच्याकडे,’ एवढेच म्हणाली. तक्रार होती की नोंद होती, ते मला कळले नाही. कन्या म्हणाली, ‘म्हणूनच शिकून परत आणायचं, आजी.’ यावर आईने काही भाष्य केले नाही. परीक्षकाने गुण लिहिले असतील, पण कागद झाकून ठेवला.

साडेसात वाजता बागा उघडतात. टॅव्हिस्टॉक चौकातल्या बागेत मधोमध गांधीजींचा बसलेला पुतळा आहे. १९६८ साली तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. चौथऱ्यात फुले ठेवण्यासाठी एक पोकळी ठेवली आहे. कोणीतरी आदल्या दिवशी ठेवलेली पिवळी फुले तिथे कोमेजली होती. जवळच हिरोशिमाच्या मृतांच्या स्मरणार्थ लावलेले चेरीचे झाड. आईला तो सगळा परिसर आवडला. बाकावर बसून तिने बिस्किटे खाल्ली. अधिक काही खाण्याचा आग्रह सौ. ने केला, पण ‘भूक नाही’ म्हणून तिने डबा परत केला. भूकसुद्धा घड्याळावर चालते, हे त्या दिवशी पुढे कळायचे होते.

बागेत एक स्मारकशिला आहे. आईने विचारले, ‘हे काय लिहिलंय रे?’ मी वाचले आणि क्षणभर थबकलो. ७ जुलै २००५ रोजी याच चौकात एका बसमध्ये बॉम्बस्फोट होऊन तेरा निरपराध माणसे मेली, त्यांच्या आठवणीची ती शिला. आपली मुलगी ज्या वाटेने रोज जाणार, त्या वाटेवरचा मजकूर. मी ‘काही नाही, जुनं स्मारक आहे’ असे म्हणण्याच्या बेतात होतो. तोच कन्येने पुढे होऊन तो मजकूर सरळ मराठीत सांगून टाकला, काही न गाळता. सौ. चा चेहरा उतरला. आई मात्र शांतपणे म्हणाली, ‘मुंबईत काय कमी झालं? गाड्यांतून लोक जायचे थांबले का?’ मग गांधीजींच्या पुढ्यातली कोमेजलेली फुले बाजूला करून, अंबाड्यातून काढलेले आपले रेशमी फूल तिने तिथे ठेवले. कृत्रिम फूल वाहू नये असे शास्त्र असेल. कोणी हरकत घेतली नाही.

साडेनऊच्या सुमारास टेम्सच्या तीरावर आलो आणि ग्रिनिचला जाणाऱ्या नौकेत बसलो. तिकिटाची रक्कम सौ. ने ताबडतोब शंभराने गुणली. पौंडाचा भाव तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर होता. परदेशात पहिल्या दिवशी प्रत्येक भारतीय कुटुंबात एक माणूस गुणाकारावर नेमलेला असतो आणि त्याच्या हिशेबाने चहाचा प्याला देखील चैनीत जमा होतो. मी तिला म्हटले, गुणायचे असेल तर उरलेल्या पैशांना गुण. ते तिला पटले नाही.

नौकेत आईने एक शोध लावला. ‘ही नदी उलटी वाहते आहे!’ तिचे बरोबर होते. ग्रिनिचकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने आम्ही निघालो होतो आणि पाणी समोरून वर चढत होते. टेम्सला शहराच्या पश्चिमेस टेडिंग्टनपर्यंत भरती येते, आणि लंडन पुलाजवळ ओहोटी-भरतीतला फरक सात मीटरपर्यंत जाऊ शकतो. नर्मदेकाठी वर्षानुवर्षे राहिलेल्या बाईला नदीने दिवसातून दोनदा तोंड फिरवावे ही गोष्ट चमत्कारिक वाटली. ‘मग अस्थी सोडल्या तर परत येतील,’ ती म्हणाली. टॉवर ब्रिज आला, छायाचित्रे झाली. त्याचे वर्णन मी करीत नाही, ते दिनदर्शिकांवर पुष्कळ आहे.

ग्रिनिचची वेधशाळा टेकडीवर आहे. १६७५ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने ती स्थापन केली. दर्यावर्दी लोकांना भर समुद्रात आपले रेखांश कळावेत ही तेव्हाची निकड. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली आणि इथून जाणारी रेषा शून्य रेखांश ठरली. आमची झोप ज्या हिशेबाने मोडली, त्या हिशेबाचे हे उगमस्थान. कन्येने पहिल्या दिवशीच इथे यायचे ठरवले होते ते त्याच कारणाने.

चढ बराच उभा आहे. अर्ध्यावर आई थांबली. प्रथम वाटले दम लागला. पण तिच्या कपाळावर थंड घाम होता, हात कापत होते, आणि विचारलेल्याचे उत्तर ती भलतेच देऊ लागली. मी पाणी शोधू लागलो, सौ. पदराने वारा घालू लागली. कन्येने आजीला गवतावर बसवले, पर्समधले यंत्र काढून बोटाच्या रक्ताची तपासणी केली. साखर बासष्ट. तिने तिथल्या तिथे ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून पाजली, डब्यातले धपाटे बाजूला ठेवून म्हणाली, ‘आधी साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग खाणं.’ तिने घड्याळ लावले. ती पंधरा मिनिटे मला त्या विमानप्रवासाहून लांब वाटली. समोर सारे लंडन पसरले होते, नदीचे वळण, पलीकडच्या काचेच्या इमारती, आणि मी फक्त आईच्या ओठांकडे पाहत होतो. एक वयस्क इंग्रज जोडपे थांबले, मदत हवी का विचारले. कन्येने त्यांना काय झाले, काय दिले, हे दोन वाक्यांत सांगितले व आभार मानले. दुसऱ्यांदा साखर शंभराच्या वर आली. आईने आपण होऊन धपाटा मागितला.

पोट भारतीय वेळेवर, चालणे लंडनच्या, आणि इन्सुलिन दोहोंच्या मधल्या कागदावर, असा तो मेळ होता. वृद्ध व मधुमेही माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे की पहिल्या दिवशी भुकेच्या संवेदनेवर विसंबू नये, घड्याळ पाहून खाऊ घालावे, आणि ग्लुकोज सामानात न ठेवता अंगाशी बाळगावे.

आता परत फिरावे असे मी म्हटले. आईने नकार दिला. ‘इतकं चढून आले ते काय गवत बघायला?’ उरलेला चढ आम्ही बसत-उठत चढलो.

वेधशाळेच्या फाटकाबाहेर भिंतीत एक घड्याळ आहे, १८५२ साली बसवलेले. त्याची तबकडी चोवीस तासांची. शून्य वर, बारा खाली. म्हणजे माध्यान्ही तासकाटा पाताळाकडे बोट दाखवतो. त्याहून मौज अशी की उन्हाळ्यात इंग्रज लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, पण हे घड्याळ बारमाही ग्रिनिचची मूळ वेळच दाखवते. आमच्या हातातल्या घड्याळांत साडेबारा होऊन गेले होते आणि ते साडेअकराच्या पुढे सरकले होते. जगाला वेळ देणारे घड्याळ आपल्याच गावाशी जुळत नव्हते! आईने आपल्या मनगटाकडे पाहिले. तिने निघाल्यापासून काटे फिरवलेच नव्हते, तिचे पाच वाजून गेले होते.

आणि तिथे, त्या भिंतीशी टेकून, आईने आम्हाला एक गोष्ट सांगितली जी मी माझ्या वयाच्या पन्नाशीनंतर प्रथम ऐकत होतो. तिच्या लहानपणी गिरगावात आजोबा पाहुण्याला विचारीत, ‘गाडी कोणत्या टायमाची? मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटे, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. मुंबईकर चिडले. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि मुंबई नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवली. हा दुहेरी कारभार पुढे दशकानुदशके, देश स्वतंत्र होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही काळ चालला. आजोबांच्या घरात दोन घड्याळे होती, एक देवघराशी मुंबईच्या वेळेचे, दुसरे दाराशी आगगाडीच्या वेळेचे. आपल्या जबलपूरचा सूर्यदेखील प्रमाणवेळेच्या सुमारे दहा मिनिटे मागे आहे, पण आपण त्यावर कधी सभा घेतली नाही.

‘आजोबा म्हणायचे, साहेबानं घड्याळ फिरवलं म्हणून मी माझी जेवायची वेळ का फिरवू?’ एवढे सांगून आई हसली. मग तिने कन्येला जवळ बोलावले, मनगट पुढे केले आणि म्हणाली, ‘लाव गं हे इथल्या वेळेवर. औषधाचं तुझं तू बघतेस, ते ठीक आहे. माझा घोटाळा नको.’

आत जाऊन रेषेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून छायाचित्र काढण्यास तिकीट आहे. सौ. ने गुणाकार केला आणि आम्ही बाहेरूनच परतलो. त्या गुणाकाराबद्दल मी प्रथमच कृतज्ञ झालो.

उरलेला दिवस भराभर संपला. परतीच्या बसमध्ये तीनच्या सुमारास आई गाढ झोपली. तिच्या अंगात तेव्हा सायंकाळचे साडेसात झाले होते. झोपू न देता उजेडात ठेवावे असे शास्त्र सांगते. कन्येने ते शास्त्र त्या दिवसापुरते बाजूला ठेवून आजीचे डोके खांद्यावर घेतले. उठल्यावर आईने वसतिगृह पाहण्याचा हट्ट धरला. खोली दोन दिवसांनी ताब्यात मिळणार होती, तेव्हा बाहेरूनच दार, रस्त्यावरचे दिवे, कोपऱ्यावरचे भाजीचे दुकान हे सर्व तिने तपासले. दुकानात तिला मेथी दिसली. पाटीवरचा भाव सौ. ला वाचू दिला नाही.

रात्री, म्हणजे तिथल्या सातला, दिवे मालवताना आईने मला विचारले, ‘इथं आपलं मंडळ आहे का रे?’ आहे, मी म्हटले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे, डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे आणि सध्या गणेशोत्सवाचे दिवस आहेत. आई म्हणाली, ‘तुझी जबलपूरला बदली झाली तेव्हा घर मिळायच्या आधी आपण कुठं गेलो होतो? मंडळातच ना? जेवायला बसवलं होतं त्यांनी, ओळख ना पाळख. मग उद्या म्युझियम वगैरे काही नको. उद्या पोरीला तिथं घेऊन जाऊ.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉलिस हिलची बस धरली.